दोन बोटं जास्त

१ मार्च, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून नवं आयुष्य. घरात वस्तू फक्त शंभर. जगात कितीतरी माणसं शंभर वस्तूंत राहतात आणि त्यांच्या घरांचे फोटो पाहिले की मला मोकळा श्वास घेता येतो. 'शंभरी' नावाच्या ग्रुपमध्ये कालच नाव घातलं. मुदत तीन आठवडे.

ही रोजनिशी फोनमध्ये लिहितोय. वही घेतली असती तर ती एक वस्तू, पेन दुसरी.

मोजणी केली. ६४१. बायकोचं कपाट धरलेलं नाही. तिने धरू दिलं नाही.

२ मार्च

नियम ठरवले. ताटं-वाट्या-चमचे मिळून एक वस्तू (जेवण). चार्जर, वायरी, हेडफोन मिळून एक (वीज). माझे सगळे कपडे मिळून एक. फोनमध्ये जे आहे ते शून्य.

संध्याकाळची मोजणी: २१२. एका दिवसात चारशे एकोणतीस वस्तू कमी, आणि एकही घराबाहेर न टाकता. मनावर घेतलं की सगळं होतं.

बायको म्हणाली, स्वतःचा पेपर स्वतःच तपासायला मिळाला असता तर तू शाळेत कायम पहिला आला असतास. कौतुक म्हणून घेतलं.

४ मार्च

आता प्रत्यक्ष कृती. खुर्च्या चारही दिल्या. ताटं दोन ठेवली, कप दोन. बायकोने विचारलं, कोणी आलं तर? मी सांगितलं की येणं-जाणं ही जुनी पद्धत आहे, आता लोक व्हिडिओ कॉल करतात. शिवणाचा डबा, टेप, हातोडी, जुन्या कपड्यांचं बोचकं, कधीकाळी जिना चढून आणलेली लोखंडी पेटी, सगळं गेलं.

जमिनीवर बसून जेवताना पाठ भरून येते. सवयीने जाईल.

८ मार्च, रविवार

माळा उपसला. आज खरं मोठं काम.

माळ्यावर आईचा गठ्ठा होता. आई शिवणकाम करायची. ती गेल्यावर दुकान ताई चालवते, आणि गेल्या वर्षी दुकानाच्या भिंतींना ओल आली तेव्हा हा गठ्ठा तिने माझ्याकडे दिला. सांभाळ म्हणाली. एक्केचाळीस खाकी कागद, नाडीने बांधलेले. दर गिऱ्हाइकाचा एक, कोपऱ्यात नाव. त्यावर आईने पेन्सिलीने पाठ, बाही, कॉलर खऱ्या मापात काढलेले. कागद कापडावर ठेवायचा आणि कापायचं. आकडे कुठेच नाहीत. आईला आकडे लिहायची सवय नव्हती, कागद हेच माप.

एक कागद उलगडला की दाराएवढा होतो. म्हणजे दाराएवढी जागा गुणिले एक्केचाळीस. उलट फोटो काढला तर जागा शून्य, आणि वर अमर. बायको एकेक कागद भिंतीला लावून दोन्ही हातांनी धरून उभी, मी समोरून फोटो काढत होतो. तिचे हात भरून आले, पण चाळीस कागद पाऊण तासात झाले. मुख्य काम माझंच होतं, तरी तिचीही मदत झाली.

सगळ्यात वरचा एक कागद न उलगडताच चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरला. तळ खराब झाला होता. जुन्याचा पुन्हा वापर.

९ मार्च. दुपारी २.३०

ऑफिसातून लवकर निघालो. बायको कामावर. रद्दीवाल्याला बोलावून गठ्ठा दिला. भला माणूस, पण चौकस. नाडी सोडून दोन कागद उलटेपालटे करून म्हणाला, साहेब, अक्षर छान आहे हो, बघून घ्या एकदा. मी म्हटलं, सगळं बघितलंय, फोटो आहेत. त्याने पुन्हा विचारलं, नक्की देऊ ना टाकून? शंका घेणाऱ्या माणसांमुळेच लोकांची घरं भरलेली राहतात.

वस्तू: ११८.

१० मार्च

बायकोला सांगितलं. तिने हातातला कप धुतला, मग तोच कप पुन्हा धुतला. मग विचारलं, ताईंना विचारलंस? मी म्हटलं, तिला सगळे फोटो एकदम पाठवणार, तिला सुखद धक्का बसेल. बायको म्हणाली, धक्का बसेल हे खरं.

११ मार्च

ग्रुपवर टाकायला रिकाम्या माळ्याचा फोटो काढत होतो. नवव्या फोटोला फोन म्हणाला, जागा संपली. चौदा हजार फोटो. एक सफाईचं अ‍ॅप घेतलं. ते सारखे दिसणारे फोटो शोधून एक ठेवतं, बाकीचे उडवतं. एका मिनिटात दोन हजार गेले. मग फोनमधली कचरापेटीही रिकामी केली. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.

माळ्याच्या फोटोला चौदा अंगठे मिळाले.

१२ मार्च. सकाळी ९.१५

ताईचा फोन. दुकानाच्या भिंती वाळल्या, रंग झाला. रविवारी, बावीस तारखेला, गठ्ठा न्यायला येते.

आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाली, आईच्या मागे पाच जुनी गिऱ्हाइकं सोडून गेली, कपडा पूर्वीसारखा बसत नाही म्हणतात. आता मोठ्या बाई आल्यात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांच्या नातीला पदवी मिळणार आहे, त्या समारंभाला घालायला बाईंना कोट हवाय. अर्धं गाव त्यांना विचारून शिंपी ठरवतं. ताई म्हणाली, धाकट्या, हा कोट बिघडला तर दुकान बंद करून कुठेतरी मशीनवर नोकरी धरीन. आईचा कागद आहे म्हणून हो म्हटलंय.

मी म्हटलं, काळजी करू नको, सगळं सुरक्षित आहे. आहेच. फक्त स्वरूप बदललंय.

१२ मार्च. दुपारी

फोटो पाहिले. चाळीस नाहीत, एकोणतीस आहेत. पुन्हा मोजले. एकोणतीसच. अ‍ॅपच्या मते अकरा कागद सारखे दिसत होते. त्या अ‍ॅपला शिवणातलं काय कळतं?

मोठ्या बाईंचा आहे. देवाची कृपा.

दुसरी गोष्ट लक्षात आली, ती लिहू की नको असं झालंय. फोटोत मोठ्या बाईंचा कोट माझ्या तळहाताएवढा दिसतो. बोटांनी मोठा केला तर मोठा होतो. पण किती मोठा करायचा, हे फोटोत कुठेच नाही.

१३ मार्च

ऑफिसला न जाता रद्दीवाल्याकडे गेलो. गोदामभर लोक टाकतात काय काय. तो म्हणाला, खाकी माल मंगळवारच्या गाडीतून कारखान्यात गेला, एव्हाना लगदा झाला असेल. मग म्हणाला, मी दोनदा विचारलं होतं साहेब. ही त्याची बोलण्याची पद्धत मला पटली नाही.

शेवटच्या कोपऱ्यापर्यंत शोधलं. हात काळे झाले. येताना त्याच्याकडे एक शिंपीकामाची लाकडी पट्टी दिसली, ती आणली. लागेल.

वस्तू: ११९. तात्पुरती वाढ.

१४ मार्च. संध्याकाळी ६.४०

ताईचा फोन. म्हणाली, धाकट्या, मोठ्या बाईंचा कागद काढ आणि मुंढा किती आहे तेवढा मोजून सांग, बाही बसते ती गोलाई. अस्तर आणायला निघालेय.

मी म्हटलं, टेप नाही घरात, टेप ही एक वस्तू होते. ती म्हणाली, आपण शिंप्याची पोरं ना रे?

बायको समोरच बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, सांगून टाक. आज सांगितलंस तर आठ दिवस आहेत त्यांच्या हातात. मी म्हटलं, आठ दिवस माझ्याही हातात आहेत.

१५ मार्च, रविवार. सकाळी ६.००

सापडलं!

प्रत्येक फोटोच्या वरच्या कोपऱ्यात एक अंगठा आलाय. कागद धरताना माझा अंगठा. अंगठा खऱ्या मापाचा, म्हणजे कागदही खऱ्या मापाचा करता येतो. लाकडी पट्टीवर अंगठा मोजला: रुंदी चोवीस मिलिमीटर. फोटोतला अंगठा चोवीस मिलिमीटर होईपर्यंत फोटो मोठा करायचा की झालं. आईच्या कागदांचं माप माझ्या अंगठ्यावर टिकून राहिलं, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच.

बायकोला सांगितलं नाही. तिचा या विषयावर बहिष्कार आहे. सुंठीवाचून खोकला जाणार असेल तर कशाला बोलायचं?

१६ मार्च

प्रिंटवाल्याकडे गेलो. एवढे मोठे कागद म्हटल्यावर त्याने विचारलं, बॅनर आहे का, कोणाचा वाढदिवस? अंगठा चोवीस मिलिमीटर करून द्या म्हटल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. एकोणतीस प्रिंट उद्या देतो म्हणाला.

घरासाठी घेतलं: खाकी कागदाचे सहा रोल, पेन्सिली, कात्री, टेप (दोन, एक हरवला तर), कार्बन पेपर, वजनं.

१८ मार्च

प्रिंटवरून खाकी कागदावर रेघा उतरवतोय. कालपासून ऑफिसात पाठदुखीची रजा. खोटं नाही, पाठ खरंच दुखते. खुर्ची असती तर बरं झालं असतं.

मोठ्या बाईंचा कोट कागदावर उतरला. अंगाला लावून पाहिला. मलाच सैल होतो. त्या काळी माणसं ऐसपैस कपडे घालायची.

उरलेल्या अकरा कागदांचं काम अंदाजाने केलं. बाही म्हणजे शेवटी बाहीच.

१९ मार्च

नवे कागद फार नवे दिसतात. चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातले. खोलीत चार दोऱ्या बांधल्या. आत जायचं तर वाकून जावं लागतं. बायको कामावरून आली, दारातच थांबली, पर्स हातातच ठेवून परत बाहेर गेली आणि तासाभराने आली.

ग्रुपचा मेसेज: रविवारी आपापल्या घराचा व्हिडिओ टाका. माळ्याचा टाकीन. माळा अजून रिकामा आहे.

वस्तू मोजल्या नाहीत. कामाच्या वस्तू धरायच्या की नाही याचा नियम व्हायचाय.

२० मार्च. दुपारी

ताईचा फोन तीनदा. उचलला नाही. चौथ्यांदा मेसेज: मोठ्या बाईंनी काल दुकानात येऊन कापड निवडलं, कागदाची वाट बघतेय.

एक कागद वाळताना आकसला. इस्त्री केली, तर जळला. पुन्हा काढला.

२१ मार्च. रात्री

चाळीस कागद तयार. नाडी बांधली. नाडीही चहात बुडवली होती. गठ्ठा समोर ठेवून लांबून पाहिला, जवळून पाहिला. आईसुद्धा ओळखणार नाही.

बायको म्हणाली, मी ताईंशी खोटं बोलणार नाही, आणि तुझ्यासाठी खरंही बोलणार नाही. बहीण तुझी, तोंड तुझं. अजून दिवस आहे.

दिवसभर फोन हातात होता. दोनदा नंबर लावला आणि कापला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडा?

२२ मार्च, रविवार. सकाळी ९.५०

ताई दहाला येणार. रोल, कात्र्या, प्रिंट सगळं माळ्यावर कोंबलं. व्हिडिओ नंतर बघू. हाताला चहाचा वास येतोय, तीनदा धुतले.

९.५८

जिन्यात पावलं. तीच.

२२ मार्च. संध्याकाळी ५.३०

फोनने जागा संपली म्हणून लिहू दिलं नाही. हे एका खाकी कागदावर लिहितोय. पेन्सिलीने.

ताई आली. बसायला काही नव्हतं म्हणून एक रोल उभा करून दिला. बायकोने दोघींसाठी चहा टाकला, कप दोनच, मी उभा राहिलो. ताईने गठ्ठा मांडीवर घेतला. लगेच सोडला नाही, वरून हात फिरवत बसली. मला वाटलं, जमलं.

मग मोठ्या बाईंचा कागद उलगडला. खांद्यावर वीत ठेवली. पुन्हा ठेवली. टेप काढून लावला. विचारलं, हा कोणासाठी काढलाय? म्हटलं, मोठ्या बाईंसाठी, आईनेच. ताईने कागद नाकाशी नेला. म्हणाली, आईने आयुष्यात कागदांजवळ चहाचा कप येऊ दिला नाही.

एवढ्यावर मी सगळं सांगितलं. क्रम थोडा चुकला. आधी अंगठ्याचं सांगितलं, कारण ती युक्ती तिला आवडेल असं वाटलं. फोनमधला फोटो उघडून दाखवला. माझा अंगठा म्हटलं.

बायको गॅसपासून इकडे आली. फोटोकडे पाहिलं, मग स्वतःचा अंगठा शेजारी धरला. नखाखाली सुरीच्या कापल्याची बारीक रेघ, फोटोतही तीच. म्हणाली, कागद मी धरले होते. तू फोटो काढत होतास. दोन हातांनी फोन धरून.

ताईने तिचा अंगठा मोजला. एकोणीस मिलिमीटर. माझे सगळे कागद सव्वापट मोठे झालेत. बारा वर्षांच्या संसारात बायकोचा अंगठा ओळखता आला नाही, हे कोणी मोठ्याने बोललं नाही.

मी घाईने म्हटलं, मग सोपंय, सगळं पुन्हा लहान करू. ताई म्हणाली, तेवढं करशील. हे कसं करशील? आणि कागद उलटा केला. कोरा. मी विचारलं, काय होतं मागे?

मागे आई लिहायची. ज्याचं त्याचं. कोणाचा खांदा उतरलाय, कोणाची पाठ वाकतेय, कोणाला कॉलर टोचते पण सांगत नाही. काय करायचं आणि काय बोलायचं नाही ते. मोठ्या बाईंचा उजवा खांदा तीस वर्षांपूर्वी पडल्यापासून खाली आहे. आईच्या कोटात तो कधी कोणाला दिसला नाही. किती भर घालायची, कुठून कापायचं, ते मागे होतं. ताई म्हणाली, आईने त्यांना त्या खांद्याची कधी आठवण होऊ दिली नाही. आता उद्या मी त्यांना आरशासमोर उभं करून तोच खांदा मोजणार.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. रद्दीवाल्याने अक्षर छान आहे म्हटलं होतं ते आठवलं, पण सांगितलं नाही.

काहीतरी करायचं म्हणून साखर ढवळायला चमचा घेऊ लागलो. ड्रॉवर ओढला. बायको मागून म्हणाली, थांब. तिने चमचे उचलले. खाली खाकी कागद, चार घड्यांचा, चमच्यांचे ठसे उमटलेला. ती म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे तिला बोलावंसं वाटत नव्हतं, तसं तोंडावर दिसत होतं. गेले दोन आठवडे दिवसातून सहा वेळा मी तो ड्रॉवर उघडत होतो.

ताईने तो जमिनीवर उलगडला. मोठ्या बाईंचा नव्हता. कोपऱ्यात लिहिलं होतं, धाकटा. माझ्या लग्नातल्या कोटाचा. आई तो सगळ्यात वर ठेवायची, ताई म्हणाली.

उलटा केला. चार ओळी, आईचं बारीक सरळ अक्षर. ताईने वाचल्या, बायकोला दिल्या, तिने वाचून मला दिल्या.

धाकटा. माप घेताना पोट आत ओढतो. लहानपणापासून. काही बोलू नये, वाईट वाटतं त्याला. दोन बोटं जास्त धरावी.

तो कोट मला बारा वर्षं नीट बसला. ऑफिसात सगळ्यांना सांगत आलोय की माझं वजन कधी वाढतच नाही. या महिन्याच्या चार तारखेला तो जुन्या कपड्यांच्या बोचक्यात गेला.

बायको हसली नाही. ताई थोडी हसली, मग तिने तोंड पदराने पुसलं आणि कागद घड्या घालून पिशवीत ठेवला. मी विचारलं, निदान फोटो काढू का? ती म्हणाली, नको, तुझ्याकडे नको. अंगठ्याचे एकोणतीस कागद बायको रात्रीपर्यंत लहान करून पाठवणार आहे, ते ताईने मला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. जाताना ताईने दारात माझ्या पाठीवर हात ठेवला. मोजल्यासारखा. मग गेली.

बायको आत प्रिंटवर पट्टी लावून बसलीय. मी विचारलं, कागद धरू का? म्हणाली, धर, पण काही बोलू नको. तिने हाक मारली की जाणार.

तोवर घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. नियमाशिवाय, एकेक. माळा धरून, चमचे सुटे. सातशे चारपर्यंत आलोय, अजून स्वयंपाकघर राहिलंय.

खोलीत कोणीही नाही. मी एकटाच भिंतीला टेकून बसून लिहितोय, टेप कोणाच्याही हातात नाही. आणि आत्ता लक्षात आलं की मघापासून पोट आतच ओढलेलं आहे.